महासंगम हवा, पण तो हद्दीवरचा

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांचा निर्घृण खून झाला. त्याच महिन्यात तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे खऱ्या सीआयडीकडे गेला. आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, सहा वर्षांच्या खंडानंतर टीव्हीवरची 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली. मराठवाड्यातल्या घरांत तेव्हा दोन्ही सीआयडी एकाच पडद्यावर येत होत्या. बातम्या लावल्या की एक, शनिवार-रविवारी रात्री दुसरी.

खऱ्या सीआयडीने पुढे जे दोषारोपपत्र दाखल केलं, त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी, त्या प्रकल्पावर झालेली मारहाण आणि सरपंचांचा खून असे तीन गुन्हे वेगवेगळे नोंदवले गेले होते. तपासाने ते एकत्र जोडले आणि मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. पण हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवलेच गेले नसते, तर हा खून एका गावच्या भांडणाचा शेवट एवढाच दिसला असता.

सुटे कागद शेजारी ठेवून पाहणं, हे तपासातलं मोठं काम आहे. गुन्हेमालिकांमध्ये ते दाखवायची एक जुनी रीत आहे. एका मालिकेतले पोलीस दुसऱ्या मालिकेत जातात, इकडे सुरू झालेला तपास तिकडच्या भागात संपतो. आपल्या वाहिन्या याला महासंगम म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की हा प्रकार आपल्याकडे वाया गेला. त्याची गरज सगळ्यात जास्त मराठवाड्यासारख्या प्रदेशाला आहे, आणि नेमका तोच प्रदेश त्यात कधी आला नाही.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर नव्वदच्या दशकात दोन पोलीस मालिका चालायच्या. 'लॉ अँड ऑर्डर' न्यूयॉर्कची, 'होमिसाइड' बाल्टिमोरची. निर्माते वेगळे, कामाची पद्धतही वेगळी. पहिलीत निम्मा भाग पोलिसांचा आणि निम्मा सरकारी वकिलांचा. दुसरीचा जीव चौकशीच्या बंद खोलीत. १९९६, १९९७ आणि १९९९ असं तीनदा या दोन मालिकांनी एकच गोष्ट आपसांत वाटून घेतली. १९९६ च्या गोष्टीत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला होतो, त्यात कृष्णवर्णीय प्रवासी मरतात, आणि बाल्टिमोरचे दोन डिटेक्टिव्ह तिथे येऊन उभे राहतात. त्यांच्या शहरात पूर्वी कृष्णवर्णीयांच्या चर्चवर झालेला हल्ला त्यांना विसरता आलेला नसतो. १९९७ च्या गोष्टीत एक कोवळी मॉडेल न्यूयॉर्कमध्ये मरते आणि माग काढत काढत पोलीस बाल्टिमोरला पोचतात. मुलगी मेली एका शहरात, तिच्यावर अत्याचार झाला दुसऱ्या शहरात. मग हा गुन्हा कुणाचा? कुणी लढवायचा?

मला या भागांबद्दल आदर वाटतो तो याच प्रश्नासाठी. दोन्हीकडचे पोलीस एकमेकांना खुपतात. एकाची पद्धत दुसऱ्याला आवडत नाही, एकाने मिळवलेली माहिती दुसऱ्याच्या वकिलाला पुरेशी वाटत नाही. पाहुणे पोलीस केवळ टाळ्यांसाठी आलेले नाहीत. ते आले नसते तर गोष्ट पुढे सरकलीच नसती. 'होमिसाइड' १९९९ मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यातला डिटेक्टिव्ह जॉन मंच न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका मालिकेत कामाला लागला आणि तिथे कितीतरी वर्षं राहिला. रिचर्ड बेल्झर या नटाने ते एक पात्र इतक्या वेगवेगळ्या मालिकांतून नेलं की प्रेक्षकांना तो बदली होऊन आलेला ओळखीचा माणूस वाटू लागला. २०२३ मध्ये बेल्झर गेले. दरम्यान, २००९ साली 'सीएसआय'च्या तीन मालिकांनी एका बेपत्ता मुलीचा आणि मानवी तस्करीचा माग मायामी, न्यूयॉर्क आणि लास व्हेगास असा काढला. तीन शहरं घेणं तिथे क्रमप्राप्त होतं, कारण तस्करी एका शहरात मावतच नाही.

आता आपल्याकडे येऊ.

बी. पी. सिंग यांनी 'सीआयडी'च्या आधी मुंबई दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलीस मालिका केली होती, आणि शिवाजी साटम त्यातही होते. म्हणजे 'सीआयडी'चं मूळ मराठी आहे. १९९८ पासून २०१८ पर्यंत ती सलग चालली. मराठवाड्यात एसीपी प्रद्युम्न, अभिजित आणि दया ठाऊक नाहीत असं घर सापडणं कठीण. २०१२ मध्ये या मालिकेचा सोनीवरच्याच 'अदालत'शी महासंगम झाला. एका बाजूला एसीपी प्रद्युम्न, दुसऱ्या बाजूला वकील के. डी. पाठक. २०१४ मध्ये तो पुन्हा झाला. त्याच वर्षी 'तारक मेहता'च्या गोकुळधाममध्येही सीआयडीचं पथक जाऊन आलं. तो करमणुकीचा मामला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पहिल्याबद्दल आहे.

पोलीस मालिका आणि न्यायालयाची मालिका एकत्र येणं यासारखी दुसरी संधी नाही. 'सीआयडी'त वर्षानुवर्षं काय होतं? दार तुटतं, कानाखाली बसते, आरोपी सगळं सांगून टाकतो आणि त्याला फाशी होणार असं जाहीर होतं. प्रत्यक्षात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ ही तेच सांगतं. मकोकासारख्या कायद्यात ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरच्या कबुलीला वेगळं स्थान आहे, पण तो अपवाद. म्हणजे हजारावर भागांत प्रद्युम्न यांनी जे मिळवलं, ते के. डी. पाठक यांच्या न्यायालयात पहिल्याच सुनावणीत गळून पडायला हवं. दोन मालिका एकमेकींना भिडवायच्या तर भिडण्याची जागा ही होती. मला त्या महासंगमात लढत दिसली ती दोन नायकांची. दोन व्यवस्थांची लढत मला दिसली नाही. दोन्हीकडचे चाहते सांभाळायचे असले की कुणालाच खरोखर चुकीचं ठरवता येत नाही, आणि कुणीच चुकत नसेल तर तपासाची गोष्ट उरते कुठे?

मराठीत महासंगम होतात ते बहुतेक कौटुंबिक मालिकांचे. दोन घरं एका लग्नात, एका मंगळागौरीला किंवा एका गणपतीत भेटतात. पोलीस मालिकेला तो मान क्वचितच मिळतो.

या सगळ्यात जी गोष्ट दिसतच नाही ती म्हणजे हद्द. टीव्हीवरच्या सीआयडीला हद्द नाही. मुंबईहून पथक निघतं आणि कुठेही पोचतं. स्थानिक ठाणं, तिथला फौजदार, जमादार, कुणीच वाटेत येत नाही. न्याय द्यायचा म्हणून सांगतो, 'क्राइम पेट्रोल'ने लहान गावांतली ठाणी दाखवली, दोन शहरांत पसरलेले तपासही दाखवले. त्या मालिकेचं हे ऋण मान्य केलं पाहिजे. पण तिथेही दोन ठाण्यांमधला कागदांचा प्रवास एका वाक्यात उरकतो. आमच्याकडे लोकांची उमेद खचते ती त्याच वाक्यात.

मी उदगीरचा आहे. आम्हाला लातूरपेक्षा बिदर जवळ. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे सगळे बिदर जिल्ह्यातच होते. मग भाषावार राज्यं झाली, बिदर कर्नाटकात गेलं आणि आम्ही महाराष्ट्रात. सोयरिकी राहिल्या, बाजार राहिला, दवाखान्याला जाणं राहिलं. देगलूरकरांना कर्नाटक आणि तेलंगणा दोन्ही हाताशी आहेत. धर्माबाद, बिलोली, किनवट तेलंगणाला लागून आहेत, उमरगा कर्नाटकाला. गुटखा या सीमांवरून येतो, चोरीची जनावरं आणि गाड्या या सीमांवरून जातात, घरातून निघून गेलेली मुलगी या सीमेपलीकडे सापडते. सीमा सोडा, मराठवाड्याच्या आतसुद्धा आठ जिल्हे पोलिसांच्या दोन परिक्षेत्रांत वाटलेले आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव एकात, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली दुसऱ्यात. अंबाजोगाईहून लातूरला रोज ये-जा करणारी कितीतरी माणसं आहेत. पोलिसांच्या दृष्टीने मात्र ही दोन गावं दोन वेगळ्या साहेबांच्या अखत्यारीत येतात.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या, कारण आमच्या भागातली सगळ्यात मोठी हालचाल तीच आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी भागातून टोळ्या निघतात. मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हिशेब कोयत्याचा होतो, बाईचं नाव बहुतेक वेळा कुठे लिहिलेलंच नसतं. कारखाना कोल्हापूर-सांगलीचा असतो, सोलापूरचा असतो, कधी थेट बेळगाव भागातला. सहा महिने माणसं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. समजा, तिथे एक बाई रात्रीतून नाहीशी झाली. किंवा एक माणूस मेला आणि अपघात म्हणून त्याचं प्रेत टेम्पोत घालून धारूर तालुक्यातल्या त्याच्या गावी आणून सोडलं. त्याची आई गावच्या ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार म्हणतो, "मावशी, हे आपल्या हद्दीत येत नाही. जिथं घडलं तिथं फिर्याद द्या." तिकडच्या ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होऊन गेलेली असते, कदाचित कन्नडमध्ये. मुकादमाची आणि मजुराची उचलीवरून झालेली भांडणं इकडच्या ठाण्यात, मृत्यू तिकडच्या ठाण्यात. दोन्ही कागद एकमेकांना कधीच भेटत नाहीत. उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातही हेच असतं. उचललं एका जिल्ह्यात, कोंडलं दुसऱ्या जिल्ह्यात, पैसे मागणारा फोन तिसरीकडून.

बुडालेल्या मल्टिस्टेट पतसंस्थांचं तसंच झालं. ठेवीदार जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेले. प्रत्येक ठाण्यात वेगळी फिर्याद. प्रत्येक फिर्यादीत एका कुटुंबाची लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम. एकट्या फिर्यादीकडे पाहिलं तर ती उशिरा मिळणाऱ्या पैशाची कुरकुर वाटते. सगळ्या एकत्र पाहिल्या तरच कुणी काय केलं ते दिसू लागतं.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. कुठल्याही ठाण्यात, गुन्हा कुठेही घडला असला तरी, फिर्याद घेतली पाहिजे, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. गुन्ह्याचा काही भाग एका हद्दीत आणि काही दुसऱ्या हद्दीत घडला असेल, तर त्यांपैकी कुठल्याही न्यायालयात खटला चालू शकतो, हीसुद्धा जुनीच तरतूद आहे. पण धारूरच्या त्या मावशीला हे कोण सांगणार? ती रोज रात्री टीव्ही बघते. तिने सीआयडीत दार तुटताना शेकडो वेळा पाहिलं असेल. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणणाऱ्याला "शून्यने नोंदवून घ्या, साहेब" असं ठामपणे सांगणारी बाई तिने एकदाही पाहिलेली नाही.

हद्दीमुळे तपास कसा अडतो आणि हद्द ओलांडली की कसा सुटतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरमध्ये गौरी लंकेश. चार शहरं, दोन राज्यं. तपास यंत्रणांची नावं मोजायला बसलं तर पुणे पोलीस, सीबीआय, महाराष्ट्राचं विशेष तपास पथक, कर्नाटकची सीआयडी आणि त्यांचं विशेष तपास पथक. वर्षानुवर्षं प्रत्येक खुनाची फाइल आपापल्या कपाटात होती. लंकेश यांच्या खुनाचा तपास करणाऱ्या कर्नाटकच्या पथकाने धागे जोडायला सुरुवात केली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापा घातला, आणि तिथून दाभोलकर प्रकरणातल्या अटकांपर्यंत तपास पोचला. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. शिक्षा झालेले दोघेही आमच्या औरंगाबाद परिसरातले. पुण्यातल्या खुनाचा धागा बंगळूरमार्गे मराठवाड्यात येतो, याहून मोठा महासंगम कुठला लेखक रचणार आहे? त्या अटकांपर्यंत पोचायलाच पाच वर्षं गेली. डॉक्टरांच्या घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्या पाच वर्षांत दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यात पुलावर उभं राहून तपासाचं काय झालं म्हणून विचारलं.

यावर मला माहीत असलेला आक्षेप असा की महासंगम मुळात धंद्यासाठीच होतो. एका मालिकेचा प्रेक्षक दुसरीकडे ओढायचा आणि त्या आठवड्याचा टीआरपी वाढवायचा. खरं आहे. 'लॉ अँड ऑर्डर' आणि 'होमिसाइड'च्या वाहिनीनेही हाच हिशेब केला असणार, पण त्या हिशेबातून चांगली गोष्ट निघाली. वाहिनीचा हेतू काही असो, लेखकाने त्यातून काय काढायचं हे अजून लेखकाच्या हातात आहे.

दुसरा आक्षेप अर्ध्या गोष्टीचा. एक मालिका बघणाऱ्याला दुसरी दिसलीच नाही तर? त्या अमेरिकी भागांचंही पुढे हेच झालं. एकच मालिका पुन्हा दाखवली जायची तेव्हा गोष्ट निम्म्यावर तुटायची. आमच्याकडे तर रिचार्ज संपतो, लाइट जाते, पाव्हणे येतात. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणून प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. धारूरच्या ठाण्यातला भाग बघणाऱ्याला धारूरची गोष्ट पूर्ण कळली पाहिजे, आणि बेळगावकडचा भाग ज्याने पाहिला त्याला तीच घटना दुसऱ्या बाजूने कळली पाहिजे. हे अवघड आहे. पण रोज नवा भाग लिहिणाऱ्या मंडळींना अवघड काम येत नाही असं मी मानत नाही.

तिसरा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेतो. मालिकेचं काम कायदा शिकवणं नाही, असं लोक म्हणतात. आवक-जावकच्या नोंदी आणि वर्ग झालेले गुन्हे कोण बघणार? मला वाटतं, इथे प्रेक्षकाला कमी लेखलं जातं. माणूस कागदासाठी बघत नाही, माणसासाठी बघतो. धारूरच्या जमादाराला ठाऊक आहे की ही फिर्याद घेतली तर उद्या तिकडे जावं लागेल, गाडीला डिझेल मिळणार नाही, साहेब विचारतील की आपला गुन्हा नसताना तू गेलास कशाला. तिकडच्या फौजदाराला ठाऊक आहे की कारखान्याच्या संचालकाचा फोन येईल. एकाला मराठी नीट येत नाही, दुसऱ्याला कन्नड. या दोघांना एकमेकांवर विश्वास ठेवायला लावायचा, आणि मधे ती आई. यात नाट्य नाही असं ज्याला वाटतं त्याने पोलीस ठाण्याच्या बाकावर एक सकाळ बसून पाहावं. दार तोडायला ताकद लागते. दुसऱ्या ठाण्याच्या माणसाला त्याने बंद केलेली नोंद पुन्हा उघडायला लावण्यासाठी काय लागतं, ते पडद्यावर अजून कुणी दाखवलेलं नाही.

शिवाय शिकवण तर चालूच आहे. गेली पंचवीस वर्षं मालिकांनी आपल्याला शिकवलं की मारलं की माणूस खरं बोलतो, मोठ्या शहरातून साहेब आले की न्याय होतो आणि स्थानिक ठाणं म्हणजे वेळकाढूपणा. त्यातून मराठवाड्यात एक सवय लागली आहे. काही घडलं की पहिली मागणी होते एसआयटीची, सीआयडीची, सीबीआयची. कित्येकदा ती मागणी योग्यच असते, मस्साजोगच्या बाबतीत ती होतीच. पण जिल्ह्यातली सगळी ठाणी आपली कामं करत नाहीत हे गृहीत धरून जगायला लागणं, ही चांगली अवस्था नव्हे. दोन साधी ठाणी एकमेकांशी बोलली आणि एका मजुराच्या मृत्यूचा छडा लागला, अशी गोष्ट लोकांनी एकदा पाहिली, तर ठाण्याच्या पायरीवर ते वेगळं काही मागतील.

मराठी वाहिन्यांकडे आज पैसा आहे. मराठवाड्यातून गेलेले चांगले नट आणि लेखक त्यांच्याकडे आहेत. 'सीआयडी' नव्याने चालू झाली म्हणजे पोलिसी गोष्टींची भूक अजून आहे, हेही सिद्ध झालं. दोन मराठी पोलीस मालिका काढा, एक बालाघाटच्या डोंगरातल्या ठाण्याची आणि एक कृष्णाकाठच्या कारखान्याच्या गावची. वर्षभर त्या वेगवेगळ्या चालू द्या, लोकांना दोन्हीकडची माणसं ओळखीची होऊ द्या. मग हंगाम सुरू झाला की एक टोळी इकडून तिकडे जाऊ द्या. लेखकांनी आधी अंबाजोगाईच्या न्यायालयात काही दिवस बसावं, ऊसतोड कामगारांच्या संघटनांशी बोलावं, वर्ग झालेल्या गुन्ह्यांचं पुढे काय झालं ते तपासी अंमलदारांना विचारावं. पाहुण्या पोलिसाच्या प्रवेशाला संगीत वाजवू नका. त्याला एसटीने येऊ द्या, ठाण्यात तासभर थांबू द्या आणि मग त्याच्या हातातला शून्य क्रमांकाचा एफआयआर टेबलावर ठेवू द्या.